सागवानी मनगट

माझ्या वडिलांचा डावा हात आमच्या मधल्या खोलीत रेडिओशेजारी उभा असतो. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत, सागवानाचा. बोटं जराशी वाकलेली, पाण्याचा तांब्या धरायला पुढं करावीत तशी. करंगळीशेजारचं बोट एका पेरानं आखूड आहे, कारण ते पेर तरुणपणी फौंड्रीच्या पट्ट्याच्या करवतीनं नेलं होतं आणि आप्पांनी लाकडातही ते परत मिळवायचा मोह धरला नाही. घरी पाहुणे आले की आधी त्या हाताकडं बघतात, मग आईकडं, आणि मग चहा जरा घाईनंच संपवतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझीही त्या खोलीतून एकटीनं जाताना चाल आपोआप वाढते.

हा हात घरात कसा आला ते सांगायचं तर आधी माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी बिजागऱ्या करते. दाराखिडक्यांच्या नव्हे, नखाएवढ्या. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे: दोन मशीनं, एक कॉम्प्युटर, एक लांब टेबल, आणि वर पत्रा. आजूबाजूला सगळ्या फौंड्र्या. एकट्या माणसाला उचलता येणार नाहीत असल्या वस्तू तिथं ओतल्या जातात, आणि त्यांच्या मधोमध मी चिमट्यानं पिना बसवत बसलेली. भिंतीपलीकडच्या फौंड्रीचा फोरमन येता-जाता डोकावून म्हणायचा, "मॅडम, एवढुसं करून पोट भरतंय व्हय?" मी म्हणायचे, "तुमच्याएवढं खात नाही मी."

पुण्याच्या एका कंपनीनं मला काम दिलं होतं. मोबाइलचा पडदा जाड कागदासारखा वाकवता आला तर तो मनगटाभोवती कड्यासारखा घालता येईल, अशी त्यांची कल्पना. मिटलं की कडं, उघडलं की हातावर पडदा, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत औषधाची वेळ, मुलाचा फोन, जे काही असेल ते. नजर अधू झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. पडदा त्यांचा, बिजागरी माझी. ऐकायला सोपं आहे. पण असला पडदा वाकतो, दुमडत नाही. घडी घातली की त्याच्यावर काळी रेघ उमटते आणि ती जन्माची राहते. म्हणून बिजागरीनं त्याला चिमटा काढायचा नाही, ताणायचं नाही, आणि मुख्य म्हणजे जिथं सोडाल तिथं थांबायचं. उघडी म्हणजे उघडी, मिटली म्हणजे मिटली.

ते थांबणं कसं जमवतात ते सांगते. बिजागरीच्या आत स्प्रिंगवर बसवलेली मोहरीएवढी गोळी असते आणि तिच्या वाटेत एक उंचवटा. गोळी उंचवटा ओलांडून पलीकडच्या खळग्यात पडली की 'टक्' असा आवाज येतो आणि बिजागरी बसते. पण गोळी नेमकी उंचवट्याच्या माथ्यावर अडकली, तर मग ती कधी आणि कुठल्या बाजूला घरंगळेल हे कुणी सांगू शकत नाही. माझी दोन वर्षं त्या मोहरीएवढ्या गोळीमागं गेली.

कडं तपासायला मनगट लागतं. कंपनी रबराचं पाठवणार होती. महिना गेला, दीड गेला, मनगट येईना, आणि फोन मात्र रोज, की चाचणी कुठवर आली. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं. मी घरी जेवताना त्यांच्या नावानं बोटं मोडत होते तेव्हा आप्पा म्हणाले, "मनगटच पाहिजे न्हवं? मी देतो करून."

आप्पा चाळीस वर्षं फौंड्रीत पॅटर्न करायचे. लोखंड ओतायच्या आधी वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो पॅटर्न. तो वाळूत दाबून ठसा घ्यायचा, आणि ठशाच्या पोकळीत रस ओतायचा. आप्पांचे पॅटर्न बघायला दुसऱ्या फौंड्रीतली माणसं यायची. ते मला शाळेत असल्यापासून एकच गोष्ट ऐकवत आले: "मोजल्याबिगर बोलायचं न्हाय." मी दहावीला किती मार्क पडतील ते सांगितलं तेव्हाही हेच म्हणाले होते.

त्या वेळी ते आजारी होते. पोटाचं दुखणं. डॉक्टरांनी आई आणि मला बाहेर बोलावून काय ते सांगितलं, आणि आम्ही आत आल्यावर आमची तोंडं बघून आप्पांनी बाकीचं ओळखलं. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागलं होतं. तरी ते पंधरा दिवस खिडकीशी बसून, उजव्या हातानं पटाशी धरून, समोर ठेवलेल्या डाव्या हाताकडं बघत सागवान तासत राहिले. मध्येच थांबायचे, पट्टी लावून मनगट मोजायचे, चिठ्ठीवर लिहायचे, पुन्हा तासायचे. आई भुसा गोळा करताना कुरकुरायची, पण तिनं तो भुसा टाकला नाही, एका डब्यात भरून ठेवला.

हात पुरा झाला आणि दहाव्या दिवशी आप्पा गेले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि आईनं जेवण सोडलं. हट्टानं नव्हे. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची, आणि तो तसाच बोटांत धरून भिंतीकडं बघत राहायची. दुधाचा पेला ओठांना लावून खाली ठेवायची. तिचं मनगटही मला आप्पांच्या शेवटच्या दिवसांतलं वाटायला लागलं आणि मी घाबरले. एक माणूस डोळ्यांसमोर वाळत गेलेलं मी नुकतंच पाहिलं होतं. तिला घरी एकटी ठेवायची माझी छाती होईना, म्हणून मी तिला रोज स्कूटीवर मागं बसवून वर्कशॉपात न्यायला लागले.

तिथं टेबलाच्या टोकाला, भिंतीलगत, आप्पांचा हात उभा होता आणि त्याच्या मनगटावर माझं नमुन्याचं कडं. आई त्याच्या समोरच स्टूल ओढून बसली. मी म्हटलं, "इकडं पंख्याखाली बस की." ती म्हणाली, "बसतो हितंच." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखंच 'बसतो, जातो' म्हणतात, पुण्याच्या लोकांना त्याची गंमत वाटते.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी मशीनवर वाकलेली असताना मागं 'टक्' झालं. वळून पाहिलं तर कडं उघडलेलं होतं. मिटून मीच ठेवलं होतं सकाळी. पडदा पेटला होता. त्याच्यावर चित्र नव्हतं, नुसता राखाडी पांढरा उजेड, आणि तो उजेड त्या वाकलेल्या लाकडी बोटांवर खालून पडला होता. आई हलली नव्हती. तिचे हात मांडीवर होते.

"चार वाजलं व्हय?" तिनं विचारलं.

मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. चार वाजून दोन मिनिटं.

"हात धुवायची येळ झाली त्यांची," ती म्हणाली. फौंड्रीत आप्पांची पाळी चारला सुटायची. सुटली की ते मनगटावरचं घड्याळ सोडून खिशात टाकायचे, नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग डब्यात राहिलेलं खायचे. चाळीस वर्षांत ह्यात बदल नाही. आईनं माझा डबा पुढं ओढला, अर्धी भाकरी मोडली, चटणी लावली आणि सगळी खाल्ली. वर पाणी प्याली. मी मशीन बंद करायचंही विसरून बघत उभी राहिले.

त्यानंतर रोज. चारला, चार वाजून पाचला, कधी सव्वाचारला, 'टक्'. मी बिजागरी पन्नासदा खोलली. स्प्रिंग बदलली, गोळी बदलली, पिना बदलल्या. हातानं उघडझाप केली तर काम चोख. लाकडी हातावर चढवून ठेवली की चारला उघडायची. सकाळी नाही, दुपारी दोनला नाही. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण पावणेचार झाले की मी मुद्दाम त्या टेबलाकडं पाठ करून बसायचे. पाठ केल्यानं जास्तच भीती वाटते हेही तेव्हाच कळलं.

मग एके दिवशी ते उघडलं नाही. साडेचार झाले, पाच झाले. मला हायसं वाटलं आणि लगेच आईची काळजी लागली. ती मात्र शांत होती.

"आज सोमवार न्हवं का," ती म्हणाली. "सोमवारी उपास असतोय की त्यास्नी."

मी मागचे दिवस मोजले. कडं उघडायला लागल्यापासूनचा हा पहिलाच सोमवार होता.

"आई, असं काही नसतं," मी म्हटलं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? समोर दिसतंय की," ती म्हणाली, आणि आपणही सोमवार धरायला लागली. पण बाकीचे सहा दिवस ती जेवत होती. चारला कडं उघडलं की अर्धी भाकरी, नंतर नंतर अख्खी, मग चहा, आणि त्या जोरावर संध्याकाळी घरी दोन घास. गालावर मांस आलं. मी मात्र पेचात सापडले. आपोआप उघडणारी बिजागरी कंपनीला पाठवता येत नाही. आणि दोष शोधून काढला तर आईचे चार वाजायचे बंद होणार. नमुने द्यायची तारीख जवळ येत होती, आणि मी दोष सापडू नये अशी देवाजवळ प्रार्थना करणारी जगातली एकमेव इंजिनिअर असेन.

पण माझा स्वभाव वाईट आहे. दिसलेला दोष मला झोपू देत नाही. एकदा आई शेजारच्या कारखान्यातल्या बायकांशी बोलत बाहेर उभी असताना मी व्हर्नियर घेतला आणि आप्पांचं लाकडी मनगट मोजलं. त्यांच्या चिठ्ठीत रुंदी अठ्ठावन्न मिलिमीटर लिहिली होती. मला साडेअठ्ठावन्नच्या वर मिळाली. पुन्हा मोजलं. मग तळवा मोजला, बोटं मोजली, अगदी ते आखूड बोटसुद्धा. सगळीकडं तेच. सगळा हात चिठ्ठीतल्या मापापेक्षा थोडा थोडा मोठा, सगळीकडं सारख्या प्रमाणात.

आप्पांची चूक? आप्पांच्या पॅटर्नमध्ये केसभर फरक कुणाला सापडला नव्हता. संध्याकाळी घरी आल्यावर मी त्यांची हत्यारांची पेटी उघडली. तिच्यात दोन पोलादी पट्ट्या होत्या, लांबीला, रुंदीला, झिजायलाही सारख्या. दोन्ही शेजारी ठेवल्या तर शून्यापाशी रेघा जुळत होत्या आणि पुढं हळूहळू सुटत जात होत्या.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं. शंभराला एक भाग. म्हणून पॅटर्न मुळातच शंभराला एक मोठा करावा लागतो. दर वेळी गणित करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाले एक वेगळी पट्टी वापरतात, जिच्यातले आकडे नेहमीचे पण रेघाच जरा लांब लांब आखलेल्या असतात. ती खोटं बोलते म्हणून ओतलेली वस्तू खरी निघते. आप्पांनी आपला हात खऱ्या पट्टीनं मोजून माप चिठ्ठीवर लिहिलं, आणि लाकडावर ते माप घेताना चाळीस वर्षांच्या सवयीनं हात दुसऱ्या पट्टीकडं गेला. त्यांची नजर तेव्हा अधू झाली होती. त्यांनी स्वतःच्या हाताला थंड झाल्यावर आकसायची जागा सोडली होती.

आप्पा गेल्यापासून मी रडले नव्हते. त्या पेटीपुढं बसून रडले. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "पट्टी लागली बोटाला."

पुढचं सरळ होतं. मनगट मोठं, म्हणून कडं पुरतं मिटत नव्हतं. गोळी उंचवट्याच्या माथ्यावरच अडकून राहत होती. आता तिला कोण ढकलतंय एवढंच बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी लाकडी हाताशेजारी स्टीलच्या वाटीत पाणी ठेवलं. दिवसभर पाणी शांत. चार वाजले आणि पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं धरली. मग 'टक्'. मी बाहेर जाऊन भिंतीपलीकडच्या फोरमनला विचारलं. तो म्हणाला, "चारला साचं झटकायचं मशीन चालू करतोय की आम्ही. वाळू पाडाय नगं? हादरं बसतात व्हय तुमच्यात?" आणि त्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी.

म्हणजे आप्पांच्या चुकीनं माझी चूक सापडली होती. माणसांची मनगटं काही चिठ्ठीप्रमाणं नसतात; कुणाचं सुजतं, कुणाचं वाळतं. अर्धा मिलिमीटर वाढलं की जी बिजागरी काठावर येऊन बसते, ती बिजागरी वाईट. रबराचं मनगट वेळेवर आलं असतं तर मला हे कधीच कळलं नसतं. मी उंचवट्याचा उतार बदलला, माथा आखूड केला, आणि चाचणीसाठी ॲल्युमिनियमची तीन मनगटं केली, बारीक, मध्यम, जाड. नवी बिजागरी तिन्हींवर बसली. फोरमनचं मशीन तासभर हादरलं तरी जागची हलली नाही. कंपनीचा माणूस फोनवर खूश झाला. मी आईला काही बोलले नाही, मूग गिळून बसले.

जुनं कडं मी आप्पांच्याच हातावर ठेवलं आणि तो हात घरी आणला, कारण ते काम संपल्यावर मी दोन-तीन महिने घरीच बसून पुढची ड्रॉइंग करणार होते. हात मधल्या खोलीत ठेवला. एका बाजूला माझी खोली, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर, मध्ये ती. आई दिवे लागले की कडं मिटायची आणि आठवड्यातून एकदा स्वतःच्या मोबाइलच्या जोडीनं त्यालाही चार्जिंगला लावायची.

आमच्या घराजवळ फौंड्री नाही. कडं उघडेना. पहिल्या दिवशी आई चारपासून साडेपाचपर्यंत त्याच्या समोर बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "घर वळकलं न्हाय वाटतं त्यांनी," आणि ताट सरकवलं. तिसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा पुन्हा बोटांत राहिला. चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरात असताना मी पावलं न वाजवता मधल्या खोलीत गेले, कड्याची कड अंगठ्यानं उचलली, 'टक्', आणि पळत माझ्या खोलीत येऊन कॉम्प्युटरपुढं बसले. थोड्या वेळानं आईचा आवाज आला: "उघडलं गं!" आणि भांड्यांचा आवाज. तिनं वाढून घेतलं होतं.

तेव्हापासून ते माझं रोजचं काम झालं. सोमवार सोडून. लाकडाला बोट लावताना दर वेळी मला ते थोडं कोमट वाटायचं. ऊन खिडकीतून त्याच्यावर पडायचं, त्यामुळं असेल. आप्पांशी मी जन्मात कधी खोटं बोलले नव्हते आणि आता त्यांच्याच हाताला धरून बोलत होते. ताकास तूर लागू दिली नाही.

मग पुण्याला जावं लागलं, दोन दिवस. पहिल्या दिवशी साडेचारला मीटिंगमधून उठून फोन केला.

"उघडलं का गं?"

"उघडलं की," आई म्हणाली. "जेवलो बी. तू जेवलीस?"

मी फोन ठेवला आणि कंपनीच्या जिन्यात उभी राहिले. मग लख्ख उजेड पडला. आईला माझं बिंग कळलं होतं, आणि आता मला बरं वाटावं म्हणून ती स्वतःच ते उघडत होती. मला इतकं हलकं वाटलं की जिन्यातच हसायला आलं. आता माझी गरज नव्हती. परत आल्यावर मी ठरवून त्या हाताला बोट लावलं नाही. चारला माझ्या खोलीत बसून असायचे. मधल्या खोलीतून 'टक्' ऐकू यायचं, मागोमाग भांडी वाजायची. मी मनात म्हणायचे, चालू दे म्हातारीचं. महिना असाच गेला. आई चांगली जेवत होती. ब्लाउज घट्ट होतात म्हणून तक्रारही करायला लागली.

एका गुरुवारी मी चहाला स्वयंपाकघरात जरा लवकर गेले. आई पाटावर बसून लसूण सोलत होती. मी समोर बसले. ती वर न बघता म्हणाली, "एक सांगू? रागवू नगंस. उद्यापासनं ते कडं उघडायचं बंद कर."

मीही एक पाकळी सोलायला घेतली.

"मला पयल्या दिवसापासनं ठावं हाय. तुझं पाय वाजत न्हाईत म्हणून काय झालं, दाराची कडी वाजतीया. एवढी शिकलीयास, आणि माझ्यासाठनं चोरावानी येतीस, म्हणून जेवत हुतो मी. तू पुण्याला गेलतीस तवा उघडलं बिघडलं काय न्हाय. मी खोटंच सांगितलं, तुझ्या जिवाला घोर नगं म्हणून. आता जातंय मला जेवण. आता बास कर."

"आई," मी म्हटलं, "पुण्याहून आल्यापासून मी त्याला हात लावलेला नाही. मला वाटलं तू उघडतीस."

आईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "मी मिटतो दिवं लागल्यावर. उघडलं न्हाय कवाच."

"शपथ?"

"तुझी."

"मग महिनाभर रोज..."

तिनं माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो, घरात तिसरं कुणी नव्हतं, आणि मधल्या खोलीत 'टक्' झालं.

दारातून त्या खोलीची फरशी दिसत होती आणि तिच्यावर तो राखाडी उजेड. मला माझ्या डोक्याचा राग आला, कारण ते लगेच कामाला लागलं होतं. पावसाळी हवेत सागवान फुगतं, मनगट आणखी वाढलं असेल. ह्याच सुमारास खालच्या रस्त्यावरून दुधाचा टँकर जातो. खिडकीतलं ऊन चारला नेमकं हातावर येतं. वाटीत पाणी ठेवलं, व्हर्नियर लावला, की दोन दिवसांत कळेल. मी उठलेच.

आईनं माझं मनगट धरलं. लसणानं चिकट झालेली बोटं, पण पकड घट्ट. काही महिन्यांपूर्वी त्या बोटांत तांब्या उचलायची ताकद नव्हती.

"कुठं निघालीस?"

"बघून येते. काहीतरी कारण असणार."

"असंल की," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र नेहमीसारखा, मोठा. "पण नगं शोधू. तू शोधलंस की तुला सापडतंय."